मनीबॉलचा दुसरा भाग कुणी काढला नाही

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलच्या रूममध्ये आम्ही सात जणांनी एका लॅपटॉपवर 'मनीबॉल' पाहिला. सातांपैकी एकालाही बेसबॉल कळत नव्हता. तरी सिनेमा संपला तेव्हा सगळे भारावलो होतो. एक गरीब टीम, तिच्यासमोर श्रीमंत टीम्स, आणि मधे कॉम्प्युटरवर आकडे मांडत बसलेला एक पोरगा. सगळे अनुभवी म्हातारे त्याला हसतात आणि शेवटी तोच बरोबर निघतो. इंजिनिअरिंगच्या पोरांना याहून गोड गोष्ट आजवर कुणी सांगितली नव्हती.

पुढे नोकरी लागली आणि कळलं की या गोष्टीचे भक्त आम्ही सातच नाही. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात त्यातला एक सीन दाखवला गेला. त्यानंतर वेगवेगळ्या मॅनेजरांच्या प्रेझेंटेशनमध्ये तो सिनेमा मला किमान चार वेळा भेटला. प्रत्येक वेळी तात्पर्य तेच: भावना बाजूला ठेवा, डेटा काय म्हणतो ते बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही गोष्ट आपल्याला अर्धी सांगितली जाते, आणि अर्धी सांगितल्यामुळे ती खोटी होते. उरलेली अर्धी गोष्ट २०२३ च्या सीझनमध्ये आहे. टीम तीच, ओकलंड अ‍ॅथलेटिक्स. स्टेडियम तेच. त्या वर्षी ही टीम १६२ सामने खेळली आणि ११२ हरली. मी त्यातला एक सामना तिथे बसून पाहिला. नेमका जिंकलेला.

पण आधी पहिली अर्धी नीट बघू, कारण तिच्यातही गाळलेल्या जागा आहेत.

२००२ साली ओकलंडकडे खेळाडूंच्या पगारासाठी साधारण चार कोटी डॉलर होते. न्यूयॉर्क यांकीज त्याच्या तिप्पट खर्च करत होते. ओकलंडचे तीन मोठे खेळाडू नुकतेच जास्त पैसे देणाऱ्या टीम्सकडे गेले होते. जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा सहकारी पॉल डीपोडेस्टा यांनी एक साधा प्रश्न विचारला: बाजार कोणत्या गुणाला कमी किंमत देतो? उत्तर होतं, आउट न होता बेसवर पोचणं. चार चुकीचे चेंडू सोडून दिले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. दिसायला कंटाळवाणं काम. त्याला टाळ्या पडत नाहीत, म्हणून पैसेही पडत नव्हते. असे खेळाडू स्वस्तात गोळा केले. टीम १०३ सामने जिंकली, त्यात सलग वीस. विसाव्या सामन्यात ११-० अशी आघाडी घालवून ११-११ झालं होतं, आणि स्कॉट हॅटेबर्गने होम रन मारून तो सामना काढला. हाताला दुखापत झाली म्हणून कुणाला नको असलेला हा खेळाडू. सिनेमा तिथेच बनतो.

आता गाळलेल्या जागा. त्याच टीममध्ये बॅरी झिटो, मार्क मल्डर आणि टिम हडसन असे तीन पिचर होते. त्या वर्षीच्या १०३ पैकी ५७ विजय या तिघांच्या नावावर आहेत. झिटोला त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. मिगेल तेहादा त्याच वर्षी लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. सिनेमात ही माणसं जवळजवळ नाहीतच. त्यांना शोधायला कुठलं गुपित सूत्र लागलं नव्हतं. जुन्या पद्धतीने हेरून, वर्षानुवर्षं वाढवून तयार केलेले खेळाडू होते ते. आणि एवढं सगळं करून ओकलंड त्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून हरली.

हे सांगून मला बीनला छोटं करायचं नाही. त्याची युक्ती खरी होती. ती इतकी खरी होती की श्रीमंतांनी ती लगेच उचलली. बॉस्टन रेड सॉक्सने बेसबॉलच्या आकडेशास्त्राचा आद्य पुरुष मानला जाणारा बिल जेम्स याला नोकरीवर ठेवलं आणि २००४ मध्ये, ८६ वर्षांनी, वर्ल्ड सिरीज जिंकली. आज तीसच्या तीस टीम्सकडे अ‍ॅनालिटिक्सची फौज आहे. गरिबाचं हत्यार श्रीमंतांच्या हातात गेलं की गरीब पुन्हा गरीबच राहतो. तेहादा, हडसन, मल्डर, झिटो एकेक करून गेले.

आणि इथे मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट घडते. २००५ मध्ये टीमची मालकी बदलली. जॉन फिशर आणि लू वुल्फ यांच्या गटाने ती सुमारे १८ कोटी डॉलरला घेतली. फिशर म्हणजे 'गॅप' हा कपड्यांचा ब्रँड सुरू करणाऱ्या दांपत्याचा मुलगा, अब्जाधीश. म्हणजे टीमचा मालक आता अजिबात गरीब नव्हता. टीम मात्र गरिबासारखीच खेळत राहिली, कारण त्या गरिबीला आता एक सुंदर नाव मिळालं होतं. कंजूषपणा म्हटलं तर लोक शिव्या घालतात. मनीबॉल म्हटलं तर प्रेझेंटेशनमध्ये दाखवतात.

२०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं ही टीम ९७-९७ सामने जिंकली होती. घरचेच, तरुण, लोकांचे लाडके खेळाडू होते. मग २०२२ च्या मार्चपासून विक्री सुरू झाली. मॅट ओल्सन अटलांटाला. मॅट चॅपमन टोरांटोला. ख्रिस बॅसिट न्यूयॉर्क मेट्सना. शॉन मनाया सॅन डिएगोला. ऑगस्टमध्ये फ्रँकी मोंटास यांकीजना. डिसेंबरमध्ये शॉन मर्फी पुन्हा अटलांटाला. त्याच वर्षी सीझन तिकिटांचे दर वाढवले. माल काढून घेतलेल्या दुकानात भाव वाढवून ठेवले आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून बोंब मारली. २०२३ मध्ये टीमचा पगारखर्च सुमारे सहा कोटी डॉलर होता, लीगमध्ये सर्वात कमी. मेट्सचा ३५ कोटींच्या आसपास. सिनेमातल्या हलाखीच्या दिवसांत तिप्पट असलेली दरी आता जवळजवळ सहापट झाली होती, मालक अब्जाधीश असताना.

त्या उन्हाळ्यात कंपनीने मला तीन महिन्यांसाठी क्लायंटकडे कॅलिफोर्नियात पाठवलं होतं. १३ जूनला, मंगळवारी, ऑफिसातला एक जण म्हणाला, "आज ओकलंडला चल, काहीतरी वेगळं आहे." बार्टने कोलिझियम स्टेशनला उतरलो. स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत एक लांब पादचारी पूल आहे, दोन्ही बाजूंना जाळी. त्या पुलावरूनच ढोल ऐकू यायला लागले. मला क्षणभर लक्ष्मी रोडच आठवला. उजवीकडच्या स्टँडमध्ये ढोल बडवणारी मंडळी कित्येक वर्षं तिथे येतात, हे नंतर कळलं. पार्किंगमध्ये हिरवे टी-शर्ट फुकट वाटत होते. त्यावर एकच शब्द होता: सेल. वीक. टीम वीक, आणि निघ.

या प्रकाराला त्यांनी नाव दिलं होतं 'रिव्हर्स बॉयकॉट'. मालक सांगत होता की ओकलंडमध्ये प्रेक्षकच नाहीत, म्हणून आम्ही जातो. तर चाहत्यांनी ठरवलं, बहिष्कार टाकायचा तो येऊन टाकायचा. सीझनच्या मधल्या एका फालतू मंगळवारी स्टेडियम भरून दाखवायचं. एरवी तिथे काही हजार माणसं असायची. त्या रात्री २७,७५९ होती.

पाचवी इनिंग सुरू झाली आणि सगळे गप्प झाले. एवढी माणसं एकाच वेळी गप्प बसलेली मी याआधी फक्त शाळेत, श्रद्धांजलीच्या वेळी पाहिली होती. एक बॅटर होईपर्यंत ती शांतता टिकली. मग सगळं स्टेडियम एका सुरात ओरडायला लागलं, "सेल द टीम." माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांनी मला विचारलं, तू कुठला? मी म्हटलं, इंडिया. त्या म्हणाल्या, मग तुला यातलं काय कळणार, पण ओरड. मी ओरडलो.

समोर टॅम्पा बे रेज होती, त्या वेळी लीगमध्ये सर्वात जास्त सामने जिंकलेली टीम. ओकलंड २-१ ने जिंकली. तो त्यांचा सलग सातवा विजय होता आणि त्यानंतरही त्यांचा हिशोब १९ विजय, ५० पराभव असा होता. म्हणजे आठवड्यापूर्वी ही टीम १२ जिंकून ५० हरलेली होती. तरी ती माणसं आली होती. ज्यांना आकडे बघून प्रेम करायची सवय आहे त्यांनी हे गणित मला सोडवून दाखवावं.

त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास वेगासमधल्या नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा देणारं विधेयक मंजूर केलं. दोन दिवसांत गव्हर्नरची सही झाली. बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना त्या रात्रीच्या गर्दीबद्दल विचारलं, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा सारांश असा होता की एका रात्रीपुरती का होईना, इतर टीम्सना सरासरी होते जवळपास तेवढी गर्दी जमली, छान झालं. नोव्हेंबरमध्ये टीम्सच्या मालकांनी स्थलांतरावर मतदान केलं. तीस विरुद्ध शून्य.

आता माझ्याच कट्ट्यावरचे मित्र काय म्हणतात ते सांगतो, कारण ते मूर्ख नाहीत.

पहिला म्हणतो, स्टेडियम मोडकळीला आलं होतं. खरं आहे. १९६६ चं बांधकाम. २०१३ मध्ये तिथे गटाराचं पाणी ड्रेसिंग रूममध्ये शिरलं होतं. पण मोडकं स्टेडियम हे काही ११२ सामने हरण्याचं कारण नाही. त्याच मोडक्या स्टेडियममध्ये ९७ जिंकले होते की. आणि 'रूटेड इन ओकलंड', म्हणजे आमची मुळं ओकलंडमध्ये आहेत, ही घोषणा टीमनेच छापली होती. मुळं इथे म्हणायचं, एकीकडे ओकलंडच्या बंदराकाठच्या नव्या स्टेडियमवर शहराशी बोलणी करायची, दुसरीकडे लास वेगासमध्ये जागा बघायच्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या जागेचा व्यवहार जाहीर झाला, तेव्हा ओकलंडच्या महापौरांनी बोलणी थांबवली.

दुसरा म्हणतो, लोक येत नव्हते, मालक काय करणार? इथे मी आकडेच काढतो, कारण हा आमचा धर्म आहे. १९७९ मध्ये, टीम भिकार असताना, अख्ख्या सीझनला ३,०६,७६३ लोक आले. १९९० मध्ये, टीम जगज्जेती असताना, त्याच स्टेडियममध्ये २९ लाख आले. २०१४ मध्ये २० लाख. २०२२ आणि २०२३ मध्ये, सगळे विकून झाल्यावर, नऊ लाखांच्या आत. शहर तेच, खुर्च्या त्याच. बदलत होती ती टीम. कोणत्याही ज्युनियर अ‍ॅनालिस्टला हा ग्राफ दिला तर तो कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करणार नाही. ती करायला मालक व्हावं लागतं.

तिसरा सर्वात हुशार. तो म्हणतो, खासगी मालमत्ता आहे, फ्री मार्केट आहे, तुला का राग? अरे, फ्री मार्केट असतं तर मी काही बोललोच नसतो. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या बाहेर ठेवलं. खेळाडूंच्या करारांचा भाग १९९८ मध्ये कायद्याच्या कक्षेत आला, पण बाकीची सूट बहुतांशी आजही आहे. टीम्स तीस म्हणजे तीसच. इंग्लंडच्या फुटबॉलसारखं हरणाऱ्याला खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत, त्यामुळे ११२ हरलात तरी पुढच्या वर्षी तुमची खुर्ची शाबूत. दुसऱ्या टीम्सच्या कमाईतला वाटा मिळण्याची सोय वेगळीच. आणि ओकलंडने ठरवलं की आपण आपली नवी मेजर लीग टीम काढू, तर त्याच मालकांची परवानगी लागते. वर ३८ कोटी जनतेचे. याला बाजार म्हणत असाल तर आमच्याकडचा वाळूचा ठेकाही बाजारच.

या सगळ्याचा हिशोब एका ओळीत आहे. १८ कोटींना घेतलेल्या टीमची किंमत फोर्ब्सने २०२३ मध्ये ११८ कोटी डॉलर धरली होती. त्याच वर्षी, जेव्हा ती ११२ हरत होती. म्हणजे मालकाच्या स्प्रेडशीटमध्ये तो सीझन अपयशी नव्हताच. बीनची टीम कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त सामने जिंकायचा प्रश्न सोडवत होती. फिशरच्या शीटमधून 'सामने' हा कॉलमच उडाला होता. सूत्र तेच राहिलं, फक्त काय वाढवायचं ते कुणीतरी गुपचूप बदललं. आणि हे बदलणारा माणूस कधीच डेटा टीममध्ये नसतो.

हे मला लागलं, कारण मी त्या डेटा टीममध्ये बसतो. परत आल्यावर मी एक डॅशबोर्ड बनवला होता. सपोर्टमधली माणसं प्रत्येक तक्रारीवर किती मिनिटं घालवतात, याचा. छान झाला होता, हिरवा-लाल रंग, महिन्याचा ट्रेंड. तीन महिन्यांनी त्याच डॅशबोर्डवरून कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही ते ठरलं. सपोर्टमध्ये एक सीनियर ताई होत्या. चिडलेलं गिऱ्हाईक असलं की सगळे त्यांच्याकडे ढकलायचे, म्हणून त्यांची मिनिटं जास्त. त्या गेल्या. शेवटच्या दिवशी माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाल्या, "अरे, तुझ्या त्या चार्टमध्ये मी लाल दिसते होय?" रागावून नव्हे, खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, ताई, तो फक्त डेटा आहे. आजवर मी बोललेलं हे सर्वात भेकड वाक्य.

त्यांच्या कामाचं मोल माझ्या शीटमध्ये नव्हतं, कारण मला ते कॉलममध्ये टाकायला सांगितलंच नव्हतं आणि मीही विचारलं नाही. गंमत बघा, मनीबॉलची मूळ शिकवण हीच तर होती: ज्याला टाळ्या पडत नाहीत त्या कामाकडे बघा. आम्ही तिचं नाव घेऊन नेमकं उलटं केलं.

२६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमध्ये शेवटचा सामना झाला. तोवर मी पुण्यात होतो. इथे रात्रीचा एक वाजून गेला होता, मी पांघरुणात मोबाईल धरून बघत होतो. ४६,८८९ माणसं आली होती. टेक्सासविरुद्ध ३-२ ने जिंकले. सामना संपल्यावर मॅनेजर मार्क कोट्सेने मैदानात माईक घेऊन लोकांचे आभार मानले आणि त्यांच्याकडून 'लेट्स गो ओकलंड' म्हणवून घेतलं. लोक जायलाच तयार नव्हते. मालकाने त्याआधी चाहत्यांना पत्र लिहून, आम्ही प्रयत्न केला, माफ करा, असं कळवलं होतं.

मला आपल्या गहुंजेच्या स्टेडियमची आठवण आली. पुण्यानेही आयपीएलच्या दोन टीम्स पाहिल्या. वॉरियर्स २०१३ नंतर संपली. सुपरजायंट दोनच वर्षांसाठी आली, २०१७ ची फायनल एका धावेने हरली आणि गेली. आम्ही हळहळलो आणि विसरलो, कारण मुळं धरायला वेळच नव्हता. ओकलंडचे ५७ सीझन झाले होते. चार वर्ल्ड सिरीज. रिकी हेंडरसन त्याच गावात वाढलेला, त्याच टीमकडून बेस चोरण्याचे विक्रम केलेला. त्याआधी याच गावाची बास्केटबॉलची टीम २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेली होती आणि फुटबॉलची २०२० मध्ये लास वेगासला. पाच वर्षांत तिसरी. कुठल्याही डॅशबोर्डवर हे नुकसान दिसणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यापुढे कुणी तुम्हाला मीटिंगमध्ये 'मनीबॉल' दाखवला तर हात वर करा आणि विचारा: या शीटमध्ये आपण काय वाढवतोय, आणि ते कुणी ठरवलं? उत्तर मिळणार नाही कदाचित. नोकरी लगेच जाणार नाही, एवढं मी अनुभवाने सांगतो. मागच्या महिन्यात मी विचारलं. खोली थोडा वेळ गप्प झाली, मग मॅनेजर म्हणाले, "यावर ऑफलाइन बोलू." अजून बोललेले नाहीत. मी पुन्हा विचारणार आहे.

टीम आता सॅक्रामेंटोत खेळते, जेमतेम चौदा हजारांच्या एका छोट्या मैदानावर, वेगासचं स्टेडियम होईपर्यंत. नावात सॅक्रामेंटो लावलेलं नाही आणि ओकलंड काढून टाकलंय. फक्त 'अ‍ॅथलेटिक्स'. बाकी २९ टीम्सच्या नावांपुढे गाव, राज्य किंवा परिसर आहे. इथे ती जागा रिकामी आहे. कॉलम उडवला की शीट कशी दिसते, ते बघायचं असेल तर पॉइंट्स टेबल उघडा.